सहा स्क्रीनची डिस्प्ले वॉल ऑपरेटरच्या टेबलावरून कशी चालवावी? रिमोट डेस्कटॉप लावला की वॉल लॉक होते

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: वेर्ण्याला प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये फुल एचडीचे सहा पॅनेल, तीन आडवे आणि दोन ओळी. मागे विंडोज १० प्रोचा एक पीसी आणि समोर सात मीटरवर ऑपरेटरचं टेबल. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने जोडलं की वॉलवर लॉक स्क्रीन येते, टाइटव्हीएनसीने (दुसऱ्या पीसीची स्क्रीन दुरून बघण्याचं आणि चालवण्याचं सॉफ्टवेअर) जोडलं की माऊस रेंगाळतो.

रिमोट डेस्कटॉपचा नाद सोडा. विंडोज १० प्रो एका वेळी एकच सेशन (लॉगिन करून चालू असलेलं काम) चालू ठेवतं. तुम्ही दुरून आत गेलात की ते सेशन तुमच्याकडे येतं आणि वॉलसमोरच्यांना लॉक स्क्रीन दिसते. वर तुमच्या मॉनिटरच्या रिझोल्यूशनप्रमाणे सगळ्या विंडो गोळा होतात, त्या परत जागेवर लावत बसावं लागतं. यात बिघाड काही नाही, ते तसंच बनवलेलं आहे.

आता माऊस का रेंगाळतो ते बघा. सहा पॅनेल मिळून ५७६० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे १ कोटी २४ लाख पिक्सेल. प्रत्येकी चार बाइट धरले तर एक पूर्ण चित्र जवळजवळ ५० मेगाबाइटचं होतं. गिगाबिट लाइन सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट वाहते, म्हणजे कॉम्प्रेशनशिवाय सेकंदाला अडीच चित्रं. व्हीएनसी फक्त बदललेला भाग पाठवतं, म्हणून स्काडाचे (प्लांटवर नजर ठेवून तो चालवणारी संगणक प्रणाली) मिमिक, म्हणजे प्लांटची रेखाचित्रं, त्यावर ठीक चालतात. तिथे चार आकडे आणि एखादा व्हॉल्व्हचा रंग बदलतो. पण एका पॅनेलवर सीसीटीव्ही लावला असेल, तर तेवढ्या पॅनेलचे वीस लाख पिक्सेल सतत हलत राहतात आणि बाकी सगळं त्याच्यामागे रांगेत उभं राहतं.

पण मुळात ऑपरेटरला वॉल डोळ्यांसमोर दिसते ना? मग तेच चित्र त्याच्या मॉनिटरवर पुन्हा कशाला मागवायचं? त्याला हवा आहे फक्त माऊस आणि कीबोर्ड, तेवढाच पाठवा. त्यासाठी इनपुट लीप हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. (बॅरियर हे त्याच कामाचं जुनं सॉफ्टवेअर नवीन घालू नका, त्याचं काम थांबलेलं आहे.) टेबलावरचा पीसी सर्व्हर, वॉलचा पीसी क्लायंट. मांडणीत वॉल टेबलाच्या मॉनिटरच्या वर ठेवा, म्हणजे माऊस वर ढकलला की तो वॉलवर जातो. पोर्ट २४८००, फायरवॉलमध्ये तो फक्त या दोन पीसींमध्ये उघडा. टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) चालू ठेवा आणि पहिल्यांदा जोडताना दोन्हीकडचा फिंगरप्रिंट (पीसीची ओळख पटवणारी अक्षरांची लांब ओळ) ताडून बघा.

यात धोका एकच, पण मोठा: ऑपरेटरला वाटतं आपण टेबलावर टाइप करतोय, आणि अक्षरं जातात वॉलवरच्या सेटपॉइंटच्या (यंत्राला नेमून दिलेल्या आकड्याच्या) चौकटीत. म्हणून वॉलवरचा स्काडा क्लायंट फक्त पाहण्याचा अधिकार असलेल्या युजरने उघडा. पंप चालू-बंद करणं टेबलावरच्या स्टेशनवरूनच. स्क्रोल लॉक दाबलं की माऊस आहे त्याच स्क्रीनवर अडकून राहतो, हे तिन्ही शिफ्टना दाखवून ठेवा. पॉइंटरचा आकारही मोठा करा, एवढ्या वॉलवर नेहमीचा बाण शोधून सापडत नाही.

टाइटव्हीएनसी ठेवा, पण ज्यांना वॉल दिसत नाही त्यांच्यासाठी: मेंटेनन्स, मॅनेजरची केबिन. ते सर्व्हिस म्हणून बसवा, नाहीतर लॉगिन स्क्रीन आणि परवानगीच्या खिडक्या दुरून दिसणार नाहीत. पासवर्ड दोन असतात. फक्त पाहण्याचा सगळ्यांना द्या, पूर्ण ताब्याचा एकाच माणसाकडे ठेवा. पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जातात, तेव्हा लांबलचक पासवर्डच्या भरवशावर राहू नका. अॅक्सेस कंट्रोलमध्ये नेमके आयपी टाका आणि शेवटच्या ओळीत बाकी सगळ्यांना नकार. ओळींचा क्रम चुकला तर नियम असून नसल्यासारखे. वॉलपेपर लपवण्याची खूण काढून टाका. नाहीतर केबिनमधून कोणी जोडलं की वॉलवरचा कंपनीचा लोगो गायब होतो आणि सगळे केबल तपासायला धावतात.

केबिनच्या छोट्या मॉनिटरवर अख्खी वॉल मागवली तर अक्षरं तिसऱ्या हिश्श्याची होतात, काही वाचता येत नाही. त्यावर 'एक्स्ट्रा पोर्ट्स'चा टॅब कामाचा आहे. तिथे एकेका पोर्टला वॉलचा एकेक तुकडा नेमून देता येतो. लिहायची रीत अशी: रुंदी, इंग्रजी एक्स, उंची, अधिक चिन्ह, डावीकडून अंतर, अधिक चिन्ह, वरून अंतर. खालच्या ओळीतल्या उजव्या पॅनेलसाठी हे चार आकडे १९२०, १०८०, ३८४० आणि १०८० (टाइप करताना इंग्रजी आकडे, मध्ये जागा न सोडता). ५९०१ ते ५९०६ असे सहा पोर्ट करा आणि फायरवॉलमध्ये हाताने उघडा. एखाद्या पॅनेलवर सीसीटीव्ही असेल तर त्याचा पोर्ट मात्र वगळा. प्रायमरी स्क्रीन डावीकडची वरची ठेवा, नाहीतर विंडोजच्या हिशेबात काही स्क्रीन ऋण आकड्यांत जातात आणि तुकड्यांचा ताळमेळ लावणं कटकटीचं होतं. डिस्प्ले स्केलिंग सहाही पॅनेलना १०० टक्के. क्लिक एकीकडे आणि परिणाम दुसरीकडे, असं झालं की आधी इथेच बघा.

चतुर्थीला गावी बसून वॉल बघायची म्हणून कोणी राउटरवर टाइटव्हीएनसीचा ५९०० पोर्ट बाहेर उघडायला सांगेल. ठाम नाही म्हणा. टाइटव्हीएनसी जोडणीनंतरचं चित्र आणि कळा एन्क्रिप्ट करत नाही. बाहेरून यायचंच असेल तर व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणारा एन्क्रिप्ट केलेला खाजगी मार्ग), मधल्या वेगळ्या पीसीवर, आणि तिथून फक्त पाहण्याच्या पासवर्डने.

तुम्ही विचारलं नाहीत, पण जूनमध्ये वीज लपंडाव खेळायला लागली की हे हमखास होतं: पीसी यूपीएसवर असतो, पॅनेल नसतात. पॅनेल क्षणभर विझले की विंडोजला वाटतं मॉनिटर काढून नेले, आणि सगळ्या विंडो पहिल्या स्क्रीनवर येऊन पडतात. प्रोफेशनल ग्राफिक्स कार्ड असेल तर प्रत्येक आउटपुटचा ईडीआयडी (मॉनिटर स्वतःची ओळख आणि रिझोल्यूशन पीसीला कळवतो ती माहिती) कार्डातच साठवता येतो. नसेल तर प्रत्येक केबलवर ईडीआयडी इम्युलेटर (मॉनिटर बंद असतानाही तीच माहिती देत राहणारा छोटा डबा) लावा, सहा नग. वॉलच्या पीसीवर ऑटो लॉगिनही हवं, अर्थातच मर्यादित अधिकाराच्या युजरने, म्हणजे रात्री रीस्टार्ट झाला तर सकाळपर्यंत लॉगिन स्क्रीन बघत बसावं लागणार नाही.

सगळं लावून झालं की शिफ्ट इन्चार्जला सांगून फक्त पॅनेलचा एमसीबी पाडा, मिनिटभराने चढवा. विंडो जागेवर राहिल्या तर पीसी रीस्टार्ट करून बघा. नाही राहिल्या तर सहापैकी कुठल्या आउटपुटचा ईडीआयडी बसला नाही ते डिस्प्ले सेटिंग्जमध्ये शोधा.