केमो चालू असताना कुत्र्याचे डोळे लाल होऊन चिकटतात, केमो थांबवावी का?

प्रश्न लॅब्राडॉरचा आहे, आजार लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. थांबवू नका, निदान स्वतःच्या मनाने तरी नको. चिपडं येतात म्हणून लिम्फोमा मोकळा सोडायचा का? त्यातल्या प्रेडनिसोलोनच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या एकदम बंद करणं तर आणखी धोक्याचं.

आम्ही भुसावळचे. आमच्या शेरूलाही हाच आजार आणि तीच औषधं: व्हिनक्रिस्टीन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, जोडीला प्रेडनिसोलोन. ऐन मे महिन्यात त्याचे डोळे पिवळट, तार धरणाऱ्या चिपडांनी मिटायला लागले. माझ्या शालकाचं फैजपूरला मेडिकल आहे. त्याने कुत्रा न बघताच बाटली पुढे केली, "दाजी, हे थेंब टाका, दोन दिवसांत साफ." लेबल वाचलं तर अँटिबायोटिकसोबत डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड! बुबुळाला जखम असेल तर स्टेरॉइडने ती वाढते, आधी तपासून घेऊ, एवढंच मी म्हणालो. झालं. "कुत्राले काय इतलं?" म्हणत जो रुसला, तो पुतणीच्या हळदीतही माझ्याशी बोलला नाही.

डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून मिनिटभर ठेवली. अश्रूंनी ती १५ मिलिमीटर किंवा जास्त भिजायला हवी, शेरूची ६ वरच अडकली. मग फ्लुरोसीन या जखम दाखवणाऱ्या रंगाची नारिंगी पट्टी ओली करून डोळ्याला टेकवली. निळ्या उजेडात बुबुळाच्या कडेला हिरवा ठिपका चमकला. जखम होतीच. शालकाचे थेंब टाकले असते तर?

आणि केमो बंद झालीच नाही. बंद झाली ती संसर्ग होऊ नये म्हणून चालू असलेली सल्फाची (एका अँटिबायोटिकची) गोळी. सल्फाने कुत्र्यांचे अश्रू आटतात, हे जुनं ठाऊक असलेलं आहे, पण घरात सगळे कॅन्सरच्या औषधाकडेच बोट दाखवत होते. जखमेसाठी साधे अँटिबायोटिक थेंब, वरचेवर कृत्रिम अश्रू आणि अश्रू वाढवणारं सायक्लोस्पोरिनचं मलम, एवढ्यावर भागलं. मलमाचा गुण यायला काही आठवडे लागतात, घाई करू नका. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नुसती केमोची फाइल नको.

आता तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं. केमोनेही काही कुत्र्यांचे अश्रू कमी होतात, बुबुळ कोरडं पडतं, त्यामुळे तुमचा संशय खोटा आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडच्या झळा त्यात भर घालतात, दुपारी त्याला ओट्यावर बांधू नका. पण डोळा आतून गढूळ दिसत असेल, बाहुली बारीक झाली असेल, उजेड सोसत नसेल, तर तो लिम्फोमाच डोळ्यात उतरलेला असू शकतो. तसं असेल तर आजच दाखवा, उद्यावर ढकलू नका.

शालक अजून म्हणतो, थेंबांनीच भागलं असतं. म्हणू दे.