सिझेरियनचे बिल अंदाजाच्या दुप्पट आले : कायद्याने काय करता येईल?

प्रश्न : आम्ही हडपसरला राहतो. बाळ पायाळू असल्यामुळे पत्नीचे सिझेरियन करावे लागेल असे आठव्या महिन्यातच ठरले होते आणि रुग्णालयाने सर्व मिळून ६५,००० रुपये खर्च लेखी सांगितला होता. एप्रिल २०२१ मध्ये प्रसूती झाली. पत्नीची कोविड चाचणी निगेटिव्ह होती, तरीही बिल १,३८,४०० रुपये आले. त्यात १४ पीपीई किटचे २१,०००, दररोज ४,००० प्रमाणे पाच दिवसांचे 'कोविड सुरक्षा शुल्क' २०,०००, दोन आरटीपीसीआर चाचण्यांचे ४,४०० आणि शस्त्रक्रियागृहाचे वाढीव २८,००० रुपये आहेत. पूर्ण पैसे भरेपर्यंत बाळ-बाळंतिणीला एक रात्र सोडले नाही. मेहुण्याकडून उसने घेऊन रक्कम भरली. आता काही करता येईल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. पैसे भरले म्हणजे बिल मान्य केले असा अर्थ कायदा काढत नाही. बाळ-बाळंतीण आत असताना भरलेले पैसे तर मुळीच नाही. मात्र आपली तक्रार 'बिल फार झाले' या स्वरूपाची राहिली तर ती टिकणार नाही, म्हणून ती नेमकी कशी मांडावी हे आधी सांगतो.

आपल्यासारखे अनेक जण शासनाने ठरवून दिलेल्या दरांचा आधार घेऊ पाहतात. मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांवर दरमर्यादा घातली. कोविड रुग्णासाठी साध्या कक्षाला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये असे ते दर होते, आणि त्याच अधिसूचनेत प्रसूतीसह इतर आजारांच्या उपचारांचे दरही बांधले होते. परंतु ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कोविड नसलेल्या रुग्णांच्या उपचारांचे दर ठरवण्याचा शासनाचा अधिकार अमान्य केला आणि अधिसूचनेचा तेवढा भाग रद्द केला. आपल्या पत्नीची चाचणी निगेटिव्ह असल्याने त्या दरांचा आधार आपल्याला मिळणार नाही. ज्या बाळंतिणीला कोविड नव्हता तिलाच कोविडच्या नावाखाली सर्वाधिक आकारणी सोसावी लागली आणि तिच्यासाठीच दरमर्यादा उरली नाही, हे मला फार अन्यायाचे वाटते.

चाचण्यांची बाब मात्र वेगळी आहे. आरटीपीसीआरचे दर शासनाने स्वतंत्रपणे ठरवले होते आणि ३१ मार्च २०२१ च्या निर्णयानुसार रुग्णालयात नमुना घेतल्यास ६०० रुपये, घरी येऊन घेतल्यास ८०० रुपये ही कमाल मर्यादा होती. दोन चाचण्यांचे १,२०० रुपये होतात. त्यावरील ३,२०० रुपये कायद्याने ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतलेले आहेत, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार एवढे एकच कारण तक्रारीस पुरेसे आहे. रक्कम लहान असली तरी तक्रारीत हा मुद्दा सर्वांत आधी मांडावा, कारण त्यावर रुग्णालयाला देण्यासारखे उत्तर नाही.

उरलेल्या आकारणीबाबत न्यायाने बोलायचे तर साथीच्या काळात रुग्णालयांचा खर्च खरोखर वाढला होता. प्रत्येक शस्त्रक्रियेला संरक्षक पोशाख लागत होते, दोन शस्त्रक्रियांमध्ये निर्जंतुकीकरणासाठी वेळ द्यावा लागत होता, कर्मचारी विलगीकरणात जात होते आणि रुग्णांची संख्या घटल्याने तोच स्थिर खर्च थोड्या रुग्णांवर पडत होता. त्यामुळे दर वाढवले एवढ्यावरून ग्राहक आयोग रुग्णालयाला दोषी धरणार नाही. प्रश्न आहे तो न सांगता वाढवण्याचा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार डॉक्टरने शुल्क उपचारापूर्वी सांगायचे असते, शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर किंवा झाल्यानंतर नव्हे. आपल्या प्रकरणात ही मध्यरात्री उद्भवलेली तातडीची शस्त्रक्रिया नव्हती. सिझेरियन काही आठवडे आधी ठरले होते, साथ वर्षभरापासून सुरू होती आणि अंदाजपत्रक साथीतच दिलेले होते. म्हणजे पीपीईचा खर्च येणार हे रुग्णालयाला ते लिहून देतानाच ठाऊक होते. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे ही २०१९ च्या अधिनियमानुसार सेवेतील त्रुटी ठरते. आपल्याकडील ६५,००० चा तो कागद हा या प्रकरणातील सर्वांत मोलाचा पुरावा आहे. त्याची मूळ प्रत कोणालाही देऊ नका.

१४ किटचा हिशेब लेखी मागा. शस्त्रक्रियेच्या नोंदीत शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि परिचारिका यांची नावे असतात. त्या वेळी आत सहा-सात जण असतील, तर उरलेले किट कोणी वापरले? कक्षातील परिचारिका एकाच पोशाखात पाळीभर अनेक रुग्णांना पाहत असेल आणि त्या पोशाखाची पूर्ण किंमत प्रत्येक रुग्णाकडून घेतली जात असेल, तर ती एकाच खर्चाची अनेकवार वसुली झाली. शिवाय पीपीई वेगळे लावल्यावर दिवसाला ४,००० चे 'सुरक्षा शुल्क' कशाचे, हेही त्यांनी सांगितले पाहिजे. उपचारांची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत देणे वर सांगितलेल्या २००२ च्या विनियमांनुसार बंधनकारक आहे, म्हणून अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. शस्त्रक्रियागृहाच्या २८,००० बाबत मी सावध राहीन, कारण प्रत्यक्षात एखादी गुंतागुंत झाली असेल तर ती रक्कम समर्थनीय ठरू शकते. आधी कागद पाहावेत.

बिलासाठी आई आणि नवजात बाळ यांना रात्रभर अडवून ठेवणे ही अत्यंत गंभीर गोष्ट आहे. थकबाकी वसूल करायला दिवाणी मार्ग आहेत. माणसाला अडवणे हा त्यांतील मार्ग नाही, आणि तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३४२ खाली तो अन्यायकारक कैदेचा गुन्हा ठरू शकतो. त्या रात्रीचे संदेश, फोनच्या नोंदी, घरी जाण्यास हरकत नसल्याची डॉक्टरांची नोंद आणि पैसे भरल्याच्या पावतीवरील वेळ एकत्र ठेवा. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा होऊन दरपत्रक व रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे सक्तीचे झाले आहे. त्याविषयीची आणि अडवणुकीची तक्रार पुणे महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करा. महापालिका पैसे परत मिळवून देईलच असे नाही, पण तिने केलेली चौकशी पुढे उपयोगी पडते.

परताव्यासाठी रुग्णालयाला पंधरा दिवसांची नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. साथीमुळे सर्वोच्च न्यायालयाने मुदतींना दिलेली सवलत फेब्रुवारी २०२२ पर्यंतच होती, म्हणून तिच्यावर विसंबू नका. दाखल होताना सही घेतलेल्या छापील संमतीपत्रात 'कोविड खर्च मान्य' असे मोघम वाक्य असेल तर घाबरू नका. रक्कम न लिहिलेल्या संमतीवरून पीपीई आणि सुरक्षा शुल्क मिळून ४१,००० रुपयांची आकारणी मान्य होती असे सिद्ध करणे रुग्णालयाला अवघड जाईल. आणि तक्रारदार म्हणून आपल्यासोबत पत्नीचेही नाव घाला, कारण सेवा त्यांनी घेतली, अडवणूकही त्यांची झाली, आणि त्या रात्रीविषयी त्यांनी स्वतः शपथपत्रावर सांगितलेले आयोगापुढे सर्वाधिक वजनाचे ठरेल.