आधी हाक मारायला शिकव

अनेक आशीर्वाद.

आगीत अडकलेल्या अग्निशमन जवानाला बाहेर काढायचा सराव आता तुमच्या पाळीत सुरू होणार आणि तो तू घेणार, हे ऐकून फार बरं वाटलं. फक्त फोन ठेवताना तू म्हणालास, "आपली पोरं धाडसी आहेत, पटकन शिकतील." ते मात्र मनात अडकून राहिलं. धाडस आपल्या पोरांकडे भरपूर आहे. वेळेवर हाक मारणं त्यांना जमत नाही.

मलाही जमलं नव्हतं. एमआयडीसीतल्या एका सुताच्या गोदामात गाठींची थप्पी कोसळली आणि माझा हात होजवरून, म्हणजे पाण्याच्या पाइपवरून, सुटला. वॉकीटॉकी खांद्यावरच होता. तरी 'वाट चुकलोय' हे दोन शब्द तोंडातून निघेनात. एवढा सीनियर माणूस, पोरं काय म्हणतील! पाठीवरच्या बीए सेटची, म्हणजे श्वासाच्या हवेच्या संचाची, हवा संपत आल्याची शिट्टी वाजली तेव्हा कुठे बोललो. जोडीदाराने त्याआधीच आरडाओरडा केला होता, म्हणून वाचलो. पहिला आठवडा तू फक्त हेच घोटून घे: मी कोण, कुठे आहे, काय झालंय, हवा किती उरलीय. आणि जो लवकर हाक मारेल त्याला कुणी हसणार नाही, हे तू स्वतः बघ.

हवेचा हिशोब फळ्यावर मांड. 6 लिटरचा सिलिंडर 300 बार दाबाला भरला की साधारण 1800 लिटर हवा. मिनिटाला 40 लिटर धरले तर 45 मिनिटं. पण ओझं ओढणारा, घाबरलेला माणूस 90 लिटरही ओढतो. मग उरली 20 मिनिटं, आणि त्यातच परत यायचं. आता दुसरा आकडा बघ. अमेरिकेत फिनिक्सला 2001 साली सुपरमार्केटच्या आगीत एक जवान गेला. त्यानंतर तिथल्या दलाने हाच सराव पुन्हा पुन्हा करून पाहिला. एका जवानाला बाहेर काढायला सरासरी 12 माणसं आणि 21 मिनिटं लागली. बचावाला गेलेल्या पाचांतला एक जण स्वतःच अडचणीत सापडला. म्हणून बचाव तुकडीने सापडलेल्या माणसाला लगेच ओढत सुटायचं नाही. आधी त्याची हवा बघायची, सोबत नेलेला सिलिंडर जोडायचा. मग सेटचा कमरपट्टा त्याच्या पायांमधून घेऊन आवळायचा, नाहीतर ओढताना सेट डोक्यावरून निघून येतो.

होज चाचपून बाहेर येणं डोळ्यांवर कापड बांधून शिकव. आपल्या कपलिंगचे, म्हणजे दोन होज जोडणाऱ्या तोंडांचे, कान फिमेल बाजूला (ज्यात दुसरं तोंड आत बसतं) असतात, आणि जोडातली फिमेल बाजू बंबाकडची. कान हाताला लागले की तिकडे सरकायचं. मोबाईलवर पोरं जे अमेरिकन व्हिडिओ बघतात त्यातलं कपलिंग आट्यांचं असतं, तो नियम इथे लावला तर माणूस आगीकडे जाईल. हे दहादा सांग.

सराव रिकाम्या हॉलमध्ये घेऊ नकोस. एखादी बंद पडलेली लूमची शेड माग. दोन मागांमधली बोळ, खाली सुताचे बीम, वरून लोंबणाऱ्या जेकार्डच्या (नक्षी विणायच्या यंत्राच्या) दोऱ्या, वायरी. छत जळलं की हे सगळं खाली येतं आणि सिलिंडरच्या नळाला गुंडाळतं. खिशात कटर हवाच, आणि तो हातमोज्यांसकट काढता आला पाहिजे. 18 मे 2025 ला इथे सोलापुरात अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात आग लागून 8 माणसं गेली. आपल्या गावात पुढची हाक अशाच एखाद्या शेडमधून येईल, असं मी धरूनच चालतो.

सगळ्यात अवघड भाग दारावरचा. अमेरिकेत वूस्टरला 3 डिसेंबर 1999 ला बिनखिडक्यांच्या शीतगृहाच्या आगीत दोन जवान हरवले. त्यांना शोधायला गेलेल्यांतले चार परत आले नाहीत. शेवटी त्यांचा अधिकारी दारात आडवा उभा राहिला आणि बाकीच्यांना त्याने आत जाऊ दिलं नाही. मित्राची हाक येत असताना पोरं तुला ढकलून आत पळतील, रागावतील, रडतीलही. कोण आत गेलं, किती वाजता, किती बारवर, हे पाटीवर लिहिल्याशिवाय एकालाही सोडू नकोस. सरावात मुद्दाम एकदा 'थांबा' म्हण आणि थांबतात का बघ. मला ते एकदाही नीट जमलं नाही.

रविवारी घरी ये. येताना कपलिंगचा एक जोड आणि जुना मास्क घेऊन ये. आधी तुझे डोळे बांधू.