लिस्ट ऑफ डिफॉल्टर्स 'इज' की 'आर'?

प्रश्न असा आलाय की 'वन ऑफ माय फ्रेंड्स'च्या पुढे 'लिव्ह' येणार की 'लिव्ह्ज', आणि शाळेत इतकी वर्षं नियम घोकूनसुद्धा नेमकं इथेच का घसरायला होतं. पहिल्याचं उत्तर एका शब्दात: 'लिव्ह्ज'. दुसरा भाग जास्त मजेशीर आहे, म्हणून त्यावरच लिहितोय.

आमच्या सोसायटीत मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं बोर्डावर लागतात आणि वर ठळक अक्षरात असतं 'द लिस्ट ऑफ डिफॉल्टर्स आर डिस्प्लेड बिलो'. नोटीस टाइप करणाऱ्या काकांना एकदा सहज विचारलं, काका हे मराठीत कसं म्हणाल? ते लगेच म्हणाले, "थकबाकीदारांची यादी लावलीय." लावलीय! 'लावलेत' नाही. म्हणजे थकबाकीदार पंधरा असले तरी यादी एकच आहे हे त्यांना झोपेतसुद्धा माहितीये, मग इंग्रजीत तो 'आर' आला कुठून?

तर मराठीत एक सोय आहे जी आपण इतकी वापरतो की दिसतच नाही. नामाला प्रत्यय लागला की त्याचा क्रियापदावरचा हक्क संपतो. 'थकबाकीदारांची' म्हटल्यावर ते थकबाकीदार बाजूला झाले, आता क्रियापद फक्त यादीचं ऐकणार. हे इतकं पक्कं आहे की 'रामाने आंबा खाल्ला' म्हणताना खुद्द रामाला 'ने' लागला तर क्रियापद त्याला सोडून आंब्यामागे जातं, चिंच असेल तर 'खाल्ली' होतं. आणि 'रामाने रावणाला मारलं' मध्ये दोघांनाही प्रत्यय, म्हणून क्रियापद कोणाचंच न ऐकता नपुंसकलिंगी उभं राहतं (हाच तो शाळेतला भावे प्रयोग, ज्याला आपण उगाच घाबरायचो). शिवाय मराठीत यादी शेवटी येते, क्रियापदाच्या जवळ.

इंग्रजीत दोन्ही उलटं. 'लिस्ट' आधी येऊन गेली, मग 'ऑफ', मग 'डिफॉल्टर्स', आणि क्रियापदाच्या अगदी शेजारी हे अनेकवचनी डिफॉल्टर्स बसलेत, त्यांच्या अंगावर प्रत्यय वगैरे काही नाही, 'ऑफ' पुढे सुटा उभा आहे आणि कानाला तोवर तो ऐकूच येईनासा होतो. मग जीभ शेजाऱ्याचं ऐकते. यात बावळटपणा काही नाही, इंग्रजीतच वाढलेली माणसंसुद्धा लांब वाक्यात अशीच घसरतात.

म्हणून मी नियम पाठ करत नाही, वाक्य मनात मराठीत करतो आणि कोणाला प्रत्यय लागला ते बघतो. 'माझ्या मित्रांपैकी एक जण पुण्यात राहतो', मित्र गेले, एक जण उरला, 'लिव्ह्ज'. 'आंब्यांची पेटी आली', 'द बॉक्स ऑफ मँगोज हॅज कम'. 'मुलांसकट बाई निघाल्या' ('निघाल्या' हा फक्त मान, बाई एकच), म्हणून 'द टीचर, अलाँग विथ द चिल्ड्रन, इज लीव्हिंग'. 'अ नंबर ऑफ पीपल' आणि 'द नंबर ऑफ पीपल' यात तर लोक हमखास अडकतात, पण मराठीत पहिलं आहे 'बरेच लोक' आणि दुसरं 'लोकांची संख्या', त्यामुळे पहिल्याला 'आर', दुसऱ्याला 'इज', विषय संपला. 'ही इज वन ऑफ दोज पीपल हू नेव्हर लिसन' हेही बसतं, कारण 'जे लोक ऐकत नाहीत त्यांच्यापैकी तो एक'. (इथे 'लिसन्स' लिहिणारे इंग्रजसुद्धा भरपूर आहेत आणि त्यावरून भांडणंही होतात, ते असो.)

आता ही युक्ती कुठे फसते तेही सांगतो, नाहीतर नंतर मला शिव्या घालाल. जिथे वस्तूच्या मोजणीबद्दलच दोन भाषांचं पटत नाही तिथे. आपली कात्री एक, त्यांच्या 'सिझर्स' नेहमी 'आर'. आपली पँट फाटली, त्यांच्या 'ट्राउजर्स' फाटल्या. आपले केस गळतात, त्यांचा 'हेअर' गळतो, म्हणून 'माय हेअर्स आर फॉलिंग' हे अस्सल मराठी इंग्रजी. सगळ्यात फसवं 'एव्हरीबडी', कारण आपल्याकडे सगळे 'म्हणतात' पण तिकडे 'एव्हरीबडी सेज'. क्रिकेटची ब्रिटिश कॉमेंट्री ऐकली तर 'इंडिया आर' कानावर येतं, कारण तिथे टीम म्हणजे अकरा माणसं, अमेरिकन माणूस टीमला सरळ 'इज' लावेल. इथे मराठी मदतीला येत नाही, भारत जिंकला तो एकटाच जिंकतो.

आदरार्थी बहुवचनाचाही एक गोंधळ असतो. 'सर आलेत' तसंच 'सर हॅव कम' असं मी कितीदा ऐकलंय. इंग्रजीत तिसऱ्या माणसाला हा मान नाही, पण समोरच्याला आहे, फक्त त्यांच्याच लक्षात राहिलेला नाही. 'यू' हे मुळात अनेकवचन, एकट्याला 'दाऊ' म्हणायचे, मग आदराने एकट्यालाही 'यू' सुरू झालं आणि 'दाऊ' मागे पडलं. म्हणून समोर एकच माणूस असला तरी 'यू आर', 'यू वेअर', अगदी आपल्या 'तुम्ही आहात' सारखं.

काकांना ही प्रत्ययाची भानगड चहावर समजावून सांगितली, त्यांना पटलीही. दुसऱ्या दिवशी नोटीस बघितली तर पेनाने 'आर' खोडून 'इज' केलेलं, आणि जोडीला शोभावं म्हणून 'डिफॉल्टर्स'चा शेवटचा एसही खोडलेला. 'वन ऑफ माय फ्रेंड' लिहिणारे पण नेमकं हेच करतात. काकांना परत विचारलं, यादी थकबाकीदाराची की थकबाकीदारांची? म्हणाले, "एकाच माणसाची कशाला यादी लावू?" आणि खोडलेला एस परत लिहिला.