ओमाहाहून निघून कमी खर्चात अमेरिकेतलं नेब्रास्का राज्य पाहता येईल का?

हो, आरामात; फक्त इंटरस्टेट ८० वरून थेट पश्चिमेला पळू नका, ग्रँड आयलंडला तो सोडून हायवे २ धरा. मी लिंकनला राहतो, पाहुणे आले की याच रस्त्याने नेतो. ग्रँड आयलंडहून अलायन्स गावापर्यंत सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, त्यातला बराचसा भाग सँडहिल्सचा: गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्या, मधेच एखादी पाणी उपसणारी पवनचक्की, आणि शेजारून संपता न संपणारी कोळशाची मालगाडी. पैसा वसूल इथेच होतो. अलायन्सजवळ भंगार गाड्या उभ्या रोवून, करड्या रंगवून स्टोनहेंजच्या धर्तीवर केलेलं कारहेंज फुकट आहे. पुढे स्कॉट्स ब्लफचा कडा आणि अगेट फॉसिल बेड्स ही जीवाश्मांची जागा, यांनाही प्रवेश फी नाही. स्टेट पार्कात मात्र गाडीचा परवाना घ्यावा लागतो. हा गाईगुरांचा मुलूख, तेव्हा शाकाहारी असाल तर कूलर ग्रँड आयलंडलाच भरून घ्या. पेट्रोलही दिसेल तिथे भरा, पुढचा पंप लांब असतो.

एक अपवाद: मार्चमध्ये प्लॅट नदीवर लाखो क्रौंच उतरतात. ते पाहायचे असतील तर नदीकाठच्या कार्नी (Kearney) गावातली खोली आधीच राखून ठेवा, तेव्हा स्वस्ताई विसरा.