राहून गेलेलं गाणं

प्रश्न: तबलावादक झाकीरभाई, म्हणजे झाकीर हुसेन, १५ डिसेंबर २०२४ ला गेले आणि मला कायमची रुखरुख लागली, दोनदा तिकीट काढायचं म्हणून राहून गेलं. तुम्ही गेलेल्यांपैकी कोणाला समोर बसून ऐकलंय?

उत्तर: गायक भीमसेनजींना, म्हणजे भीमसेन जोशींना, सगळ्यांच्या अण्णांना. नव्वदच्या दशकात, पुण्यात, रमणबागेच्या मैदानावर, सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला. तेव्हा सवाई रात्रभर चालायचा, लाऊडस्पीकरचे नियम कडक झाल्यावर ते बंद झालं. आम्ही भारतीय बैठकीत, खाली सतरंजी, वर मामाची जुनी शाल, थर्मासमधला चहा तीन वाजताच संपलेला, आणि खरं सांगू, मधल्या एका गाण्याला मी चक्क झोपलो होतो. पहाटे मामाने कोपर मारलं, "ऊठ रे, अण्णा आले". डोळे चोळत बघतो तर दोन तानपुरे जुळतायत आणि सगळं मैदान चिडीचूप. तोडी राग सुरू झाला. तान घेताना हात असा वर जायचा की जणू आभाळातून काहीतरी ओढून आणतायत, कॅसेटवर ते कुठून दिसणार? बाहेर पडलो तेव्हा लख्ख उजाडलं होतं, मामा मिसळ खाईपर्यंत एक शब्द बोलला नाही. २४ जानेवारी २०११ ला अण्णा गेल्याची बातमी आली तेव्हा पहिला फोन त्यालाच केला.

गायिका किशोरीताई आमोणकरांच्या बाबतीत मात्र माझं तुमच्यासारखंच झालं. "पुढच्या वर्षी" म्हणत राहिलो, २०१७ मध्ये त्या गेल्या. तेव्हा आता जे गातायत त्यांचं तिकीट आजच काढा, आणि शाल न्या, डिसेंबरात मैदानावर जाम थंडी असते.