एकाच वर्गातली मुलं, एक डोकंभर उंच : फुटबॉलपटूंच्या वाढीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा, उंची १४४ सेंमी. चेंडू पायात चांगला राहतो, पण संघातली काही मुलं डोकंभर उंच, मिसरूड फुटलेली. धक्का लागला की हा पडतो आणि निवडीत बाहेर बसतो. माझी उंची १६८, हिची १५४. याची उंची वाढेल का? पावडर सुरू करावी का?
— एक पालक, परभणी

उत्तर : वाढेल. दाखल्यावरचं वय आणि शरीराचं वय सारखंच असेल असं नाही. १३च्या गटात शरीराने ११चा आणि १५चा मुलगा शेजारी उभे असतात, आणि दोघेही निरोगी असतात. मुलांची उंची साधारण साडेतेरा-चौदाच्या सुमारास सगळ्यात झपाट्याने वाढते, त्या एका वर्षात ८ ते १० सेंमी. कुणाचा हा काळ बाराव्या वर्षीच येतो, कुणाचा पंधराव्या. ताकद आणि वजन त्यानंतर काही महिन्यांनी भरतं. आज दांडगा दिसणारा मुलगा बहुतेक वेळा फक्त आधी वाढलेला असतो.

मोठेपणीच्या उंचीचा ढोबळ अंदाज असा काढा : आई-वडिलांच्या उंचीची बेरीज, त्यात १३ मिळवा, निम्मे करा (मुलीसाठी १३ वजा करा). तुमच्या घरी १६८ + १५४ + १३ = ३३५, म्हणजे १६७.५. यात ८ सेंमी इकडे-तिकडे होऊ शकतं. मुलगा आज या अंदाजाच्या ८६ टक्क्यांवर आहे. वाढीचा वेग शिगेला पोचतो तो ९१-९२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्याची खरी वाढ अजून पुढे आहे.

दर तीन महिन्यांनी मोजा, पण नीट मोजा. सकाळी, अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून पेन्सिलची खूण करा. संध्याकाळपर्यंत उंची सेंमीभर कमी भरते, त्यामुळे एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी मोजलं तर हिशेब चुकतो. वर्षात ४ सेंमीपेक्षा कमी वाढ झाली, किंवा चौदा पूर्ण होऊनही वयात येण्याची काहीच लक्षणं नसली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पावडर घेऊ नका. डब्यातल्या कुठल्याच पावडरने हाडं लांबत नाहीत. ज्वारीची भाकरी, वरण, दही, शेंगदाणे, चालत असतील तर रोज दोन अंडी, आणि ९ तास झोप. त्या पैशांत महिनाभराची अंडी येतात.

प्रश्न : माझ्याकडे १४ वर्षांखालचे २२ खेळाडू आहेत. सामना जिंकायचा तर उंच मुलंच घ्यावी लागतात. लहान चणीच्या मुलांवर अन्याय होतो हे कळतं, पण करायचं काय?
— क्रीडाशिक्षक, जालना जिल्हा

उत्तर : आठवड्यातला एक दिवस वयाप्रमाणे नव्हे, वाढीप्रमाणे गट करा. वरच्या हिशेबाने प्रत्येकाची टक्केवारी काढा : ८५च्या खाली, ८५ ते ९०, ९० ते ९५, आणि त्यापुढे. इंग्लंडमधल्या प्रीमियर लीग क्लबांच्या अकादम्यांनी असे सामने भरवलेले आहेत. तुमच्याकडे एका गटात पाच-सहाच मुलं भरली तर जवळचे दोन गट एकत्र करा आणि ३० बाय २० मीटरच्या जागेत पाचास पाच खेळवा. दांडग्या मुलाला तिथे नुसत्या धक्क्यावर निभावता येत नाही, पायातलं कौशल्य काढावंच लागतं. लहान मुलाला पहिल्यांदा चेंडू मागायची आणि खेळ चालवायची संधी मिळते. बाकीचे दिवस सगळे एकत्र, पण काही वेळ दोनच स्पर्शांची अट ठेवा, म्हणजे दोन स्पर्शांत चेंडू पुढे द्यायचाच.

निवडीच्या वेळी चेंडू यायच्या आधी मुलगा मान वळवून मागे बघतो का, पहिला स्पर्श मोकळ्या जागेकडे करतो का, हे लिहून ठेवा. ३० मीटर धावण्याची वेळ जरूर घ्या, पण तुलना त्याच मुलाच्या तीन महिन्यांपूर्वीच्या वेळेशी करा. दुसऱ्याशी केलीत तर बरेचदा तुम्ही फक्त वाढच मोजत असता.

जन्ममहिन्याचाही फरक पडतो. १ जानेवारीची तारीख धरली तर जानेवारी आणि डिसेंबरच्या मुलात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं, आणि निवडीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचं पारडं जड होतं. आपल्याकडे अनेक दाखल्यांवर १ जून ही सोयीने टाकलेली तारीख असते. म्हणून दाखल्यापेक्षा भिंतीवरच्या खुणांवर जास्त भरवसा ठेवा.

प्रश्न : चौदाव्या वर्षी मुलगा एकदम वाढला. आता गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, दाबलं की कळ येते. खेळही बिघडलाय, पाय अडखळतात.
— एक आई, नांदेड

उत्तर : बहुधा हा ऑसगूड-श्लाटर, म्हणजे वाढीच्या वयातलं गुडघ्याखालचं दुखणं. हाड भराभर लांबतं, मांडीचा पुढचा स्नायू मागे पडतो आणि नडगीच्या वरच्या टोकावरच्या कोवळ्या हाडाला ओढ बसते. खेळ पूर्ण बंद करायची सहसा गरज नसते. उड्या, जोरदार फटके आणि वेगाच्या धावा निम्म्या करा. दुसऱ्या सकाळीही दुखत असेल तर आणखी कमी करा. खेळानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं. दुखणं उतरल्यावर उभं राहून घोटा मागे धरून मांडी ताणायची, ३० सेकंद, प्रत्येक पायाने तीनदा. मुरमाच्या कडक मैदानावर लांब खुंट्यांचे बूट नकोत, आखूड रबरी खुंट्यांचे घ्या. अडखळणं काही महिन्यांचं असतं. त्या काळात त्याला संघातून काढू नका.

रात्री झोपमोड करणारं दुखणं, सूज, ताप किंवा लंगडणं असेल तर मात्र थांबू नका. लंगडणाऱ्या मुलाचा गुडघा दुखत असला तरी मूळ दोष खुब्यात असू शकतो. त्याच दिवशी खेळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा आणि खुब्याचाही एक्स-रे काढायला सांगा.

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची. मुलांच्या बरोबरीने धावायची, आता लवकर दमते.
— एक पालक, लातूर

उत्तर : मुलींची झपाट्याची वाढ मुलांच्या दोनेक वर्षं आधी येते आणि पाळी सुरू झाली की लोह कमी पडू शकतं. आधी हिमोग्लोबिन तपासा. या वयात १२ ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्तक्षय, गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. मेथी, हरभरा, मटकीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा देऊ नका. एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी आठच्या आत संपवा, दर १५-२० मिनिटांनी पाणी द्या.